झोपलेल्याच्या श्वासाचा साक्षीदार

बहुतेक आजारांत दुखणे कुठे आहे आणि कधीपासून आहे हे रुग्ण स्वतः सांगतो, आणि डॉक्टरांची तपासणी त्या सांगण्यापासूनच सुरू होते. प्रौढांना झोपेत होणारा श्वासरोध, म्हणजे वैद्यकात ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात तो विकार, या नियमाला अपवाद आहे. कारण त्याची सर्वांत महत्त्वाची लक्षणे प्रकट होतात तेव्हा रुग्ण झोपलेला असतो आणि सकाळी उठल्यावर त्याला त्यांतले काहीच आठवत नसते. या विकाराचा पहिला पुरावा त्यामुळे रुग्णाकडे नसतो, तर त्याच्या शेजारी किंवा त्याच घरात झोपणाऱ्या माणसाकडे असतो. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या आसपास होती आणि त्यांतले दर पाच जणांपैकी सुमारे चार जण खेड्यांत राहणारे होते. अशा जिल्ह्यात, जिथे दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या झोपतात आणि उन्हाळ्यात सगळे कुटुंब अंगणात किंवा गच्चीवर अंथरूण टाकते, तिथे हा साक्षीदार सहसा उपलब्ध असतो. अडचण एवढीच असते, की मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे असा सर्वत्र समज असल्यामुळे या साक्षीदाराने ऐकलेले त्याच्या मनात आजार म्हणून नोंदले जात नाही आणि दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.

घशात काय घडते

श्वास घेताना नाकातून आत आलेली हवा टाळू, पडजीभ आणि जिभेचे मूळ यांच्या मागच्या बाजूने घशात उतरते. नाकाला हाडांचा आणि श्वासनलिकेला कूर्चेचा आधार असतो. मधल्या या भागाला मात्र असा कोणताही कठीण आधार नसल्यामुळे तो भोवतालच्या स्नायूंच्या ताणावरच उघडा राहतो. जागेपणी हे स्नायू सावध असतात. झोप लागली की ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि मार्ग अरुंद होतो. विहिरीवरच्या मोटारीला जाड नळीऐवजी मऊ नळी जोडली तर पाणी ओढताना ती जशी आतल्या बाजूला चपटी होते, तसाच श्वास आत ओढताना हा सैल मार्ग आकुंचन पावतो. अरुंद मार्गातून हवा वेगाने जाऊ लागली की टाळू आणि पडजीभ थरथरतात, आणि तो आवाज म्हणजे घोरणे होय. मार्ग पूर्ण बंद झाला की हवा जात नाही, आणि हवा जात नसल्यामुळे आवाजही थांबतो.

आवाज थांबला तरी छाती आणि पोट श्वास घेण्याचा प्रयत्न करीतच असतात. रक्तातील प्राणवायू घटू लागतो, कर्बवायू वाढतो, आणि हा धोका जाणून मेंदू रुग्णाला काही क्षणांपुरता अर्धवट जागा करतो. घशाचे स्नायू आवळतात, मार्ग उघडतो, मोठ्या धापेसह किंवा घुसमटीच्या आवाजासह हवा आत शिरते आणि रुग्ण पुन्हा झोपेत जातो. ही जाग इतकी अल्प असते की तिची स्मृती राहत नाही, पण झोपेची वीण तिच्यामुळे उसवते. हवेचा प्रवाह किमान १० सेकंद जवळजवळ पूर्णपणे थांबला तर त्याला श्वासरोध म्हणतात. तो पूर्ण न थांबता बराच घटला आणि त्याबरोबर प्राणवायू उतरला किंवा अशी अर्धवट जाग आली तर त्याला अल्पश्वसन म्हणतात. एका तासात या दोन्ही प्रकारच्या घटना सरासरी किती होतात यावर विकाराची तीव्रता ठरते: ५ ते १५ घटना सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० पेक्षा जास्त घटना तीव्र मानल्या जातात. तासाला ३० घटना म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा श्वास अडलेला असतो आणि रुग्णाच्या लेखी ती रात्र पूर्ण झोपेची असते.

घशाच्या अडथळ्यामुळे होणारा हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. याखेरीज केंद्रीय श्वासरोध नावाचा दुसरा, तुलनेने विरळ प्रकार आहे, ज्यात घसा मोकळा असूनही मेंदूकडून श्वास घेण्याचा आदेशच काही काळ जात नाही. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णांत तो दिसू शकतो. पहिल्या प्रकारात श्वासाचा आवाज थांबल्यावर छाती-पोटाची धडपड चालू राहते आणि दुसऱ्यात ती धडपडही थांबते, हा भेद घरातल्या निरीक्षकालाही अनेकदा टिपता येतो.

विकार किती पसरलेला आहे

झोपेतील श्वासरोधाचे शास्त्रीय वर्णन १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे केले आणि पुढच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासातून त्याला एका विकाराचे निश्चित रूप मिळाले. तरी तो परदेशातल्या अतिस्थूल माणसांचा आजार आहे अशी समजूत भारतात दीर्घकाळ टिकून होती. या समजुतीला महाराष्ट्रातूनच उत्तर मिळाले. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार या वयोगटातील सुमारे १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसन बिघडलेले होते आणि सुमारे ७.५ टक्के पुरुषांत त्याच्या जोडीला दिवसा अतिरिक्त झोप येण्याचे लक्षणही होते. पुढे देशभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ साली मांडला. त्यात प्रौढ भारतीयांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के, म्हणजे पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५ टक्के आढळले, आणि त्यावरून देशातील कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा विकार असावा असा अंदाज बांधण्यात आला.

महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य वाचकापर्यंत या विकाराचे नाव पोहोचले ते प्रामुख्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये. चित्रपट-संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईत जुहू येथील रुग्णालयात वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा त्यांना इतरही अनेक तक्रारी होत्या आणि मृत्यूचे कारण झोपेतील अडथळ्याचा श्वासरोध हे होते, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. या बातमीनंतर घोरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या घरी भीती निर्माण झाली. परंतु या विकाराची हानी बहुधा एका रात्रीत होत नाही, ती वर्षानुवर्षे रक्तदाब, हृदयाची लय, मेंदूचा रक्तपुरवठा आणि रक्तातील साखर यांच्या वाटेने साचत जाते. रात्रीचा काळ मात्र या रुग्णांसाठी खरोखरच वेगळा असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ साली आकस्मिक हृदयमृत्यूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा श्वासरोध असलेल्यांपैकी ४६ टक्के मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात झालेले आढळले. हा विकार नसलेल्यांत ते प्रमाण २१ टक्के होते.

रात्री काय ऐकावे, काय पाहावे

घोरणारा प्रत्येक माणूस श्वासरोधाचा रुग्ण नसतो. सर्दी, अतिश्रम किंवा उताणे झोपणे यांमुळे अनेक जण अधूनमधून घोरतात, आणि त्यांचे घोरणे एकाच लयीत, जवळजवळ सारख्या आवाजात चालते. संशय यावा असे घोरणे वेगळे असते: ते आठवड्यातील बहुतेक रात्री होते, बंद दाराबाहेर ऐकू येईल इतके मोठे असते आणि त्याला लय नसते, आवाज चढत जातो, एकाएकी तुटतो, काही वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग घुसमटल्यासारखा, घशात अडकलेले मोकळे झाल्यासारखा मोठा आवाज होऊन घोरणे पुन्हा सुरू होते. निदानाच्या दृष्टीने आवाजाच्या मोठेपणापेक्षा मधल्या या खंडाला अधिक महत्त्व आहे. शेजारी झोपलेल्या व्यक्तीला घोरण्याचा त्रास होतो म्हणून तिचे लक्ष आवाजाकडे असते, आणि आवाज थांबला की सुटका झाली असे वाटून तिलाही झोप लागते. वस्तुतः लक्ष देऊन पाहण्याची वेळ तीच असते.

आवाज थांबल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हा खंड किती वेळ टिकतो. मनात एक ते दहा असे सावकाश आकडे मोजून झाले आणि तरीही श्वास सुरू झाला नाही, तर वैद्यकीय व्याख्येतली मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. बहुतेक खंड १० ते ३० सेकंदांचे असतात, काही वेळा ते मिनिटापर्यंतही लांबतात. दुसरी गोष्ट म्हणजे छाती आणि पोट यांची हालचाल: घशाचा मार्ग बंद असताना श्वासपटल जोर लावते, त्यामुळे पोट वर येते तेव्हा छाती आत ओढली जाते आणि दोन्हींची हालचाल परस्परविरुद्ध दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे खंडाचा शेवट कसा होतो. धाप, घुसमट, हातपाय झटकणे, कूस बदलणे किंवा काही क्षण उठून बसणे यांपैकी एखाद्या हालचालीने खंड संपत असेल आणि हा क्रम पुन्हा पुन्हा घडत असेल, तर तो योगायोग नसतो.

निरीक्षणाची वेळही विचारपूर्वक निवडावी लागते. झोपेच्या अनेक अवस्था असतात, आणि जिच्यात डोळ्यांची बुबुळे वेगाने फिरतात व स्वप्ने पडतात त्या अवस्थेत शरीराचे स्नायू सर्वाधिक सैल असतात. ही अवस्था रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त काळ टिकते. त्यामुळे काही रुग्णांत झोप लागल्यावरचे दोन तास निर्वेध जातात आणि श्वासरोधाच्या घटना पहाटे दाट होतात. घरातील स्त्रिया पाणी भरण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी पहाटे उठतात, आणि वृद्धांना त्या वेळी आपोआप जाग येते. अशा माणसांनी अंथरुणातून उठण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे रुग्णाचा श्वास ऐकला, तर मध्यरात्रीच्या जागरणापेक्षा अधिक उपयोगी माहिती हाती लागते. रुग्ण उताणा आहे की कुशीवर, त्या रात्री मद्य घेतले होते का, झोपेची गोळी घेतली होती का, याचीही नोंद ठेवावी, कारण उताण्या स्थितीत जीभ मागे पडते आणि मद्य व काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. गिरणीत किंवा कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपतो, तेव्हा त्याचे निरीक्षणही दिवसाच करावे. औद्योगिक वसाहतीत एका खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या बाबतीत खोलीतला सोबती हाच साक्षीदार असतो.

यांखेरीज रुग्णाला स्वतःला जाणवू शकतील अशीही काही रात्रीची लक्षणे असतात, पण त्यांचा संबंध श्वासाशी आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. रात्रीतून दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागणे हे त्यांतले प्रमुख लक्षण होय. बंद घशातून श्वास ओढण्याच्या प्रयत्नात छातीच्या पोकळीतील दाब फार उतरतो, हृदयाकडे जास्त रक्त ओढले जाते, हृदयाच्या कप्प्यांना ताण बसतो आणि त्यातून असे संप्रेरक स्रवते की जे मूत्रपिंडांना अधिक पाणी बाहेर टाकायला लावते; पन्नाशीच्या पुरुषात या तक्रारीचे खापर प्रोस्टेट ग्रंथीवर आणि मधुमेह्यात साखरेवर फुटते, आणि ते कारणही असू शकत असले तरी घोरण्याची विचारणा राहून जाते. थंडीतही मानेला आणि छातीला घाम येणे, घुसमटून दचकून जाग येणे, छातीत जळजळ होणे, तोंडाने श्वास घेतल्यामुळे सकाळी घसा कोरडा पडणे आणि उठल्यावर दोन्ही बाजूंनी डोके जड होऊन थोड्या वेळाने ते आपोआप उतरणे, ही लक्षणेही याच मालिकेतली आहेत.

रात्री गुदमरून जाग येण्याची प्रत्येक घटना श्वासरोधाचीच असेल असेही नाही. दम्याचा रुग्ण जागा झाल्यावरही त्याच्या छातीत शिट्टीसारखा आवाज येत राहतो. हृदय दुर्बल झालेला रुग्ण आडवे झाल्यावर धापेने जागा होतो आणि बसल्यावर काही मिनिटांनी त्याला आराम पडतो. श्वासरोधाचा रुग्ण मात्र जाग येताच एक-दोन श्वासांत मोकळा होतो. जाग आली असूनही अंग हलवता न येणे आणि छातीवर कोणी बसल्याचा भास होणे, ज्याला खेड्यांत बाहेरची बाधा समजले जाते, ती निद्रापक्षाघात नावाची वेगळी अवस्था आहे. ओठ किंवा नखे निळी पडणे, हाक मारून व हलवूनही जाग न येणे, छातीत तीव्र दुखणे किंवा बसल्यावरही धाप कमी न होणे, यांपैकी काही दिसल्यास निरीक्षण थांबवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कोणाकडे लक्ष द्यावे

स्थूलपणा हे या विकाराचे सर्वांत मोठे कारण असले तरी एकमेव कारण नाही. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी मार्ग अरुंद करते, म्हणून वजनाच्या काट्याइतकाच शिंप्याची फीतही उपयोगी पडते. मानेचा घेर ४० सेंटिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंचांहून अधिक असेल तर धोका वाढतो. परंतु खालचा जबडा आखूड किंवा मागे असणे, टॉन्सिल मोठे असणे, नाकाचा पडदा वाकडा असणे किंवा थायरॉइड ग्रंथी मंदावणे यांमुळे सडपातळ माणसालाही हा विकार होतो, आणि वजन व उंची यांचे जे प्रमाण युरोपीय माणसासाठी निरोगी मानले जाते तेवढ्या प्रमाणातही भारतीयांना चयापचयाचे विकार जडत असल्यामुळे भारतीय निकषांत उंचीच्या वर्गाने भागलेले वजन २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे स्थूल समजले जाते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विकार हुकण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याला वैद्यकीय व कौटुंबिक अशी दोन्ही कारणे आहेत. स्त्रियांची तक्रार पुष्कळदा घोरण्याची नसते, तर झोप न लागणे, सततचा थकवा, सकाळची डोकेदुखी आणि उदासपणा अशी असते, आणि तिचा अर्थ रक्तक्षय किंवा मानसिक ताण असा लावला जातो. पाळी थांबल्यानंतर मात्र त्यांचा धोका झपाट्याने वाढतो. दुसरीकडे, घरातील स्त्री सर्वांच्या नंतर झोपते आणि सर्वांच्या आधी उठते, त्यामुळे तिचा झोपेतला श्वास ऐकायला कोणी जागे नसते. आपण घोरतो हे सांगण्याचा तिला संकोच वाटतो, आणि सासऱ्यांच्या घोरण्याविषयी डॉक्टरांपुढे बोलणे सुनेलाही प्रशस्त वाटत नाही. मुले मोठी झाल्यावर पती-पत्नी वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागतात किंवा जोडीदाराच्या निधनानंतर माणूस एकटा झोपू लागतो, तेव्हा नेमका धोक्याच्या वयात साक्षीदार नाहीसा होतो.

दिवसाची साक्ष

रात्रीच्या निरीक्षणाला दिवसाच्या लक्षणांची जोड मिळाली की संशय बळावतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेल्या एपवर्थ मापनपद्धतीत वाचताना, दूरदर्शन पाहताना, सभेत बसल्यावर, वाहनातून प्रवास करताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत मोजतात, आणि बेरीज दहाच्या वर गेल्यास दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे मानतात. जालना जिल्ह्यात या लक्षणाचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगावी लागते. शेतीपंपांना अनेकदा रात्रीच्या पाळीत थ्री-फेज वीज मिळते आणि कपाशीला किंवा मोसंबीच्या बागेला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री बाहेर पडतो; लोखंडाच्या रोलिंग मिलमधला कामगार दर आठवड्याला पाळी बदलतो; या दोघांना दिवसा झोप येण्याचे कारण जागरण हे असू शकते. ज्या दिवसांत सात-आठ तास सलग झोप मिळाली त्या दिवसांतही पारावर, देवळातल्या कीर्तनात किंवा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर डोळा लागत असेल, तर झोपेची लांबी पुरेशी असून तिचा कस बिघडला आहे असे समजावे.

वाहनचालकांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांच्यापुरता राहत नाही. श्वासरोधाच्या रुग्णाकडून वाहन-अपघात होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत दोन ते तीन पट असते असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून जालना जिल्ह्यातून वाहने धावू लागलेल्या समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि रस्ता दीर्घ अंतर वळणांवाचून जातो, तिथे काही सेकंदांची डुलकीही प्राणघातक ठरू शकते. ट्रक, ऊसवाहू ट्रॅक्टर आणि खासगी बस चालवणाऱ्यांनी घरी घोरण्याविषयी होणारी तक्रार थट्टेवारी नेऊ नये, ती या कारणासाठी.

डॉक्टरांच्या दृष्टीने आणखी एक खूण महत्त्वाची असते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. श्वासरोधाच्या रुग्णात प्रत्येक अर्धवट जागेबरोबर तो उसळी घेतो, आणि कालांतराने दिवसाही चढाच राहतो. तीन औषधे नियमित घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, किंवा हृदयाची अनियमित धडधड उपचारानंतर पुन्हा उद्भवत असेल, तर रुग्णाच्या झोपेची चौकशी झालीच पाहिजे.

संशयापासून निदानापर्यंत

टोरांटो येथील डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली मांडलेली स्टॉप-बँग प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, अतिस्थूलपणा, पन्नाशीपुढचे वय, जाड मान आणि पुरुष असणे, अशा आठ बाबींना प्रत्येकी एक गुण देतात; दोनपर्यंत गुण असतील तर धोका कमी, तीन-चार असतील तर मध्यम आणि पाच किंवा अधिक असतील तर जास्त मानला जातो. या आठांपैकी श्वास थांबल्याचा प्रश्न असा आहे की ज्याचे खरे उत्तर एकट्याने गेलेला रुग्ण देऊच शकत नाही. म्हणून तपासणीला जाताना ज्याने ऐकले-पाहिले त्यानेही सोबत जावे, आणि रुग्णाची संमती घेऊन मोबाइलवर छाती, पोट व चेहरा दिसेल असे पाच-दहा मिनिटांचे चित्रण, आवाजासह, दोन-तीन रात्रींचे करून न्यावे. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर येथे फसवे ठरू शकते, कारण जाग्या माणसाच्या बोटावर ते लावले तर प्राणवायू पूर्ववत झालेला असतो आणि ९७ किंवा ९८ हा आकडा पाहून खोटा दिलासा मिळतो. मनगटी घड्याळांतील नोंदीही संशय सुचवू शकतात, निदान करू शकत नाहीत.

पक्के निदान निद्राचाचणीने होते. पॉलिसोम्नोग्राफी या सविस्तर चाचणीत रुग्णाला रात्रभर झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची व स्नायूंची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाचे प्रयत्न, प्राणवायू आणि हृदयाची लय यांची एकाच वेळी नोंद होते. ज्यांच्यात संशय दृढ आहे आणि इतर गंभीर आजार नाहीत, त्यांना थोड्या पट्ट्यांचे छोटे यंत्र देऊन हीच तपासणी घरच्या अंथरुणातही करता येते. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदन भागातील रुग्णाने सुरुवात जवळच्या फिजिशियनकडून किंवा जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून करावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. छातीविकार, कान-नाक-घसा आणि मज्जाविकार या तिन्ही शाखांचे तज्ज्ञ हा विकार हाताळतात, त्यामुळे कोणाकडे जावे या संभ्रमात वेळ घालवण्याचे कारण नाही.

निदान झाल्यानंतरचा मार्ग निराशाजनक नाही. मध्यम आणि तीव्र विकारावरचा प्रमुख उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. नाकावर बसवलेल्या मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सतत आत सोडून ते घसा उघडा ठेवते. सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरील प्रयोगातून त्याची उपयुक्तता दाखवली. हे यंत्र विकार बरा करीत नाही, वापरले त्या रात्रीपुरते त्याला रोखते. त्यामुळे ते दररोज लावावे लागते आणि वीज जाणाऱ्या गावात त्यासाठी इन्व्हर्टरची सोय असावी लागते. सौम्य विकारात कुशीवर झोपणे, रात्रीचे मद्य सोडणे आणि जबडा पुढे धरून ठेवणारे दाताचे साधन यांनी फरक पडतो, आणि टॉन्सिलसारखा स्पष्ट अडथळा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासानुसार दहा टक्के वजन घटल्यास श्वासरोधाच्या घटना सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात. झोप नीट लागत नाही म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी घेणे मात्र या रुग्णांसाठी घातक ठरू शकते, कारण जी अर्धवट जाग घसा उघडते तीच त्या गोळीने लांबणीवर पडते.

या विकाराविरुद्धची पहिली पायरी ना महाग आहे ना अवघड. गावपातळीवर रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी करताना आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका घरी येतात. त्या भेटीत रुग्णाबरोबरच त्याच्या घरच्यांना, घोरताना मध्येच श्वास थांबतो का आणि घुसमटून पुन्हा सुरू होतो का, एवढा एक प्रश्न विचारला गेला, तर आज थट्टेत किंवा संकोचात विरून जाणारी कितीतरी साक्ष वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल, आणि ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षे वाढत गेल्या आहेत त्यांपैकी काहींच्या आजाराचे मूळ कारण प्रथमच तपासले जाईल.